आजोबांच्या स्क्वाड्रनचा इतिहास : बॉम्बफेकी विमाने समुद्रावर कशी गेली?

अमळनेरकर :
माझे आजोबा (आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो) साठच्या दशकात हवाई दलाच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये इंजिन फिटर होते. गावच्या घरातील पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची दोन छायाचित्रे सापडली. दोन्हींत चार पंख्यांची विमाने आहेत. मात्र एकाच्या शेपटीवर दोन लंबगोल फिन (शेपटीवरील उभे पाते) दिसतात, तर दुसऱ्याच्या शेपटीवर तीन. ही विमाने कोणती असावीत? बॉम्बफेकी विमानांची स्क्वाड्रन सागरी टेहळणीकडे कशी वळली, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

तापीकाठ, भुसावळ :
दोन फिनांचे विमान बी-२४ लिबरेटर, तीन फिनांचे सुपर कॉन्स्टेलेशन. ही स्क्वाड्रन १ डिसेंबर १९४२ रोजी तिरुचिरापल्ली येथे हरिकेन विमानांसह उभी राहिली आणि मेहर सिंग यांच्या नेतृत्वाखाली तिने ब्रह्मदेशातील आराकानच्या आघाडीवर टेहळणी केली. त्या कामगिरीबद्दल मेहर सिंग यांना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हे ब्रिटिश लष्करी पदक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलातील दुसऱ्या कोणालाही ते मिळाले नाही. फाळणीच्या वेळी मोडलेली ही स्क्वाड्रन १९५१ मध्ये लिबरेटर घेऊन पुन्हा उभी राहिली. ती लिबरेटर कानपूरला भंगारात पडलेली होती. महायुद्धानंतर ती पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून टाकलेली असताना, हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी एकेक विमान उडण्याजोगे केले आणि वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली. आप्पांसारख्या फिटर मंडळींनी पुढे १९६८ पर्यंत ती चालती ठेवली, याचे मोल फार मोठे आहे.

खानदेशी वाचक, धुळे :
वरील माहितीत एक भर घालतो. समुद्रावर गस्तीला बॉम्बच्या वजनापेक्षा तासन्‌तास हवेत राहण्याची क्षमता अधिक लागते आणि लिबरेटरकडे ती होती. १९४३ मध्ये अटलांटिकच्या मध्यभागी जर्मन पाणबुड्यांना मिळणारी मोकळीक याच विमानाने संपवली. पुढे एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन स्क्वाड्रनकडे आली. १९७६ मध्ये सागरी टेहळणीचे काम नौदलाकडे गेले, तेव्हा ही विमाने गोव्यातील ३१२ क्रमांकाच्या नौदल स्क्वाड्रनला देण्यात आली. तरीही ६ क्रमांकाचे समुद्राशी नाते तुटले नाही. नंतर तिला जहाजांवर हल्ला करणारी जग्वार लढाऊ विमाने मिळाली. लिबरेटरच्या छायाचित्रावर विमानाचा क्रमांक दिसतो का, हे भिंगातून पाहावे. याच स्क्वाड्रनचे एचई ८०७ हे विमान लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये जतन केलेले आहे.

अमळनेरकर :
दोघांचेही मनापासून आभार. भिंगातून ‘एचई’ ही अक्षरे स्पष्ट दिसतात, पुढचे आकडे मात्र शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याआड गेले आहेत. छायाचित्र स्कॅन करून येथे टाकतो.