अनुभव धागा : बॉनेटखालचा गंज – मॅनिफोल्ड, हीट शील्ड आणि न सुटणारे नट

समा, वडोदरा (धागा सुरू करणारा)
ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं, तेव्हा आमची 2012 ची पेट्रोल गाडी दीड दिवस पाण्यात होती. इंजिन वाचलं, वायरिंग बदललं. परवा बॉनेट उघडून नीट पाहिलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा फाटेदार पाइप) तांबडे पापुद्रे, आणि त्यावरच्या हीट शील्डचा (उष्णता अडवणारा पत्रा) एक कोपरा बोट लावताच चुरा होऊन खाली पडला. बडोद्याच्या आपल्या भाषेत सांगायचं तर सगळीकडे काट चढलाय. त्या पाण्यात तुमच्यापैकी अनेकांच्या गाड्या होत्या. घरी साफसफाई केली असेल तर काय वापरलं, कुठे अडलं, सविस्तर लिहा. गॅरेजात फक्त ‘बदलून टाका’ एवढंच ऐकू येतं.

मांजलपूर
मॅनिफोल्ड बिडाचं असेल तर वरच्या तांबड्या थराला घाबरू नका. बीड जाड असतं, असा वरवरचा गंज वर्षानुवर्षं चालतो. शील्डचा पत्रा मात्र पातळ, तो सडतोच.
माझी चूक सांगतो. तारेच्या ब्रशने घासलं आणि घरात उरलेला चंदेरी ऑइल पेंट मारला. पहिल्याच फेरीत बॉनेटमधून धूर. आग लागली समजून फतेहगंजच्या पुलाखाली गाडी थांबवली. रंग करपून पोपडे निघाले. मॅनिफोल्ड पाचशे-सहाशे अंशांच्या पुढेही तापतं, तिथे साधा रंग टिकणारच नाही. सायलेन्सरसाठीचा उष्णतारोधक रंग मिळतो, तोच घ्या, आणि डब्यावर लिहिलंय तसं टप्प्याटप्प्यानं तापवून पक्का करा. गंजाला काळं करणारं ‘रस्ट कन्व्हर्टर’ रसायनही इतक्या तापाच्या भागावर लावू नका, ते ब्रॅकेटसाठी ठीक. फवारा मारताना ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) प्लास्टिकने झाका. त्यात सिलिकॉन गेलं की तो बिघडतो.

दांडिया बाजार
दादा, रंगाआधी गळती बघा. माझं हे सांगणं जरा जास्तच कळकळीचं आहे, कारण आईला त्रास झाला होता.
थंडीत सकाळी गाडी सुरू केली की शिवणयंत्रासारखा टिक-टिक आवाज यायचा. पाच मिनिटांनी बंद. मेस्त्री म्हणाले टॅपेट (झडपा हलवणारा इंजिनातला भाग) आहे, सेटिंग करून घ्या. दोनदा केलं, आवाज तसाच. मग एक दिवस टॉर्च घेऊन वाकून बसले. मॅनिफोल्ड हेडला (इंजिनाचा सिलिंडरवरचा भाग) जिथे बसतं, तिथे तिसऱ्या सिलिंडरजवळ काजळीचा काळा पंख्यासारखा डाग होता. गॅस्केट (मधली फट बंद करणारी पातळ पट्टी) गेलं होतं. इंजिन तापलं की लोखंड फुगून फट मिटायची, म्हणून आवाज थांबायचा. आणि आईला गाडीत बसलं की डोकं दुखायचं ते एसीमुळे नव्हतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळीतून तो थेट केबिनमध्ये येतो. गंजावर काळा डाग दिसला तर घासून टाकू नका, आधी तो कुठून आला ते शोधा.

प्रतापनगर
मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं फिटर होतो, आता निवृत्त. नटांबद्दल लिहितो, कारण नुकसान ब्रशने होत नाही, पान्याने होतं.
बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिन हाताला कोमट लागेल इतकंच असावं, गरम मॅनिफोल्डवर तेल टाकलं की धूर होतो, आगीची भीती. नटांवर आणि स्टडच्या (हेडमधून बाहेर आलेला, नट बसतो तो दांडा) आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा आणि निघून जा. घाईची कामं इथे नकोत. सकाळी एकदा, रात्री एकदा, असं दोन-तीन दिवस मुरू द्या. मधे पितळी हातोडीने नटावर हलक्या टिचक्या मारा, तेल आत झिरपतं.
गोटी (पान्याचा नटावर बसणारा वाटीसारखा तुकडा) सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. आधी नट केसभर घट्ट करायच्या दिशेने दाबा. गंजाची पकड ‘कट्’ करून तुटली, की मग उलट फिरवा. अर्धा फेरा सोडला की पाव फेरा परत. अडकला तर पुन्हा तेल. पान्याला पाइप लावून लटकू नका. स्टड हेडमध्ये तुटला, आणि हेड ॲल्युमिनियमचं असलं, तर मकरपुऱ्याच्या लेथवाल्याकडे हेड न्यावं लागतं. सीएनजी गाडीत आच लावून नट सोडवायचा विचारही करू नका.
बसवताना नवे नट, नवं गॅस्केट, आट्यांना कॉपर ग्रीस. पुढच्या माणसाला दुवा मिळेल.

अकोटा
माझ्या गाडीला पुराचं पाणी लागलंच नाही, तरी सायलेन्सर आतून सडला. शाळा दोन किलोमीटर, बाजार दीड. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, सीएनजीत किलोमागे सव्वादोन किलो. छोट्या फेऱ्यांत पाइप तापत नाही, ते पाणी आतच राहतं. आता दर रविवारी हायवेवर अर्धा तास चालवते.
सुटे क्लॅम्प आणि बोल्ट मी व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी ब्रशने स्वच्छ. सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच सुकवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या शील्डला व्हिनेगर लावू नका, थरच खातं.

समा
काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे तीन दिवस तेल मुरवलं. शील्डचे चार बोल्ट होते. तीन सुटले, ती ‘कट्’ बोटांना कळली. चौथ्याचं डोकंच गंजून गोल झालंय, त्याला अजून हात लावलेला नाही. मॅनिफोल्डवर काळा डाग कुठेही नाही, टॉर्चने चारही तोंडं पाहिली. शील्डसाठी पत्रा मागवलाय, रविवारी जुन्याच्या मापाने कापणार. चौथ्या बोल्टसाठी प्रतापनगरला गाडी घेऊन आलो तर चालेल का?