जे डिला 'क्वांटाइझ बंद' ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचा?

सोळा_बार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वर्षभर लॅपटॉपवर बीट बनवतोय. जे डिला या अमेरिकन हिप-हॉप बीट बनवणाऱ्याबद्दल जिथे वाचावं तिथे एकच वाक्य: तो क्वांटाइझ (वाजवलेले ठोके यंत्राने आपोआप नेमक्या मात्रेवर ओढून बसवणं) बंद ठेवायचा. म्हणून मीही बंद केलं आणि पॅडवर बोटांनी वाजवायला लागलो. पण माझं ऐकलं की नुसतं चुकलेलं वाटतं. काल मित्र त्यावर रॅप करायला बसला आणि चौथ्या बारला (चार मात्रांच्या चौथ्या फेरीला) थांबला. म्हणाला, सम कुठे आहे तेच सापडत नाही. डिलाचं ऐकताना मात्र मान आपोआप डोलते, तिथे कुणी हरवत नाही. फरक कुठे पडतो? आणि त्याची सुरुवात कशी झाली हेही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल. मला त्याचा 'डोनट्स' हा अल्बम सोडून फार काही माहीत नाही.

ठेका_धरून

तुझा मित्र जिथे थांबला तिथेच उत्तर आहे.

मी आधी तबला शिकलो, बीटकडे खूप नंतर वळलो. सोलो वाजवताना बोल ओढून, मागे रेंगाळत वाजवायचा मोह व्हायचा तेव्हा गुरुजी हात धरायचे. आधी लेहरा, म्हणजे फिरून फिरून येणारी साथीची धून, ऐक म्हणायचे. पेटीवरचा लेहरा तसूभर हलत नाही, म्हणून तबल्याची ओढ कानाला ओढ वाटते. लेहराच हलला तर ती ओढ राहत नाही, चूक होते. तू क्वांटाइझ बंद केलंस तेव्हा लेहराही बंद केलास.

आता यंत्राकडे बघ. डिलाच्या हाताखाली पुढे जी एमपीसी ३००० होती, म्हणजे पॅडवर बोटांनी ठोके वाजवून साठवायचं यंत्र, ती रॉजर लिनने आकाई कंपनीसाठी आखलेली. एका मात्रेचे ती ९६ भाग करते. ९० च्या लयीत एक भाग म्हणजे साधारण ७ मिलिसेकंद. स्विंग, म्हणजे जोडीतला दुसरा ठोका मागे ढकलणं, ५० ते ७५ टक्क्यांपर्यंत देता येतो: ५० म्हणजे सरळ चाल, ६६ म्हणजे जवळपास तिश्र. शिवाय ठोके उचलून काही भाग अलीकडे-पलीकडे सरकवता येतात. डिला हे सगळं वापरायचा, आणि थराथराला वेगळं वापरायचा. हॅट (झांज) सरळ धावतोय, बास किंवा सॅम्पल (जुन्या तबकडीवरून उचललेला तुकडा) झुलतंय, किक (खालचा जाड ढोल) हाताने वाजवलेली आणि मागे रेंगाळणारी, स्नेअर (कडक वाजणारा ढोल) उलट किंचित घाईत. दोन चाली एकाच वेळी चालू असतात आणि त्यांच्यातलं अंतर बारामागून बार तेच राहतं. चूक अशी दर वेळी त्याच जागी होत नसते. म्हणून मला 'बंद ठेवायचा' हे वाक्य अपुरं वाटतं, आणि त्याच्यावर थोडा अन्यायही करतं. जणू ते सगळं हातून आपोआप सांडलं, अभ्यास काहीच नव्हता.

अभ्यास किती होता ते त्याच्या सुरुवातीवरून कळतं. खरं नाव जेम्स यॅन्सी, जन्म ७ फेब्रुवारी १९७४, डेट्रॉइट, वस्ती कॉनन्ट गार्डन्स. घरात वडील बास वाजवणारे, आई गाणारी. त्याच भागात अॅम्प फिडलर राहायचे, फंक संगीतकार जॉर्ज क्लिंटनच्या ताफ्यातले कीबोर्डवादक. त्यांच्याकडे एमपीसी होती आणि हा पोरगा तिच्यासमोर येऊन बसायचा. १९९४ च्या लोलापलूझा या संगीत महोत्सवाच्या दौऱ्यात क्लिंटनचा ताफाही होता आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट हा हिप-हॉप गटही. फिडलरनी तिथे त्याची ट्राइबच्या क्यू-टिपशी गाठ घालून दिली. त्यानंतर दोन वर्षांत काय घडलं बघ: १९९५ मध्ये फारसाइड गटाचं 'रनिन', १९९६ मध्ये डी ला सोल गटाचं 'स्टेक्स इज हाय', आणि त्याच वर्षी क्यू-टिप आणि अली शहीद मुहम्मद यांच्याबरोबर 'द उम्मा' या नावाखाली ट्राइबचा अल्बम. वय बावीस.

'रनिन' आज रात्री हेडफोन लावून ऐक. गिटार स्टॅन गेट्झ आणि लुइझ बोन्फा यांच्या बोसा नोव्हाच्या तबकडीवरून उचललेली. शब्द विसर, फक्त किक ऐक. मग पुन्हा पहिल्यापासून, फक्त गिटार. तिसऱ्यांदा दोन्ही मिळून. तिसऱ्या वेळी तुला कळेल मी काय म्हणतोय.

आणि मित्राच्या थांबण्याबद्दल. डिला स्वतः रॅपर होता. टी-थ्री आणि बाटिन हे त्याचे शाळेपासूनचे जोडीदार, तिघांचा गट स्लम व्हिलेज. माझं ठाम मत आहे की त्याच्या बीटमध्ये हरवायला होत नाही ते याच्यामुळे. त्यावर उभं राहून बोलायचं कसं हे तो स्वतःच्या तोंडाने तपासत होता. तूही एकदा माइकसमोर उभा राहा, लिहिलेलं काही नसलं तरी चालेल. नुसते आकडे म्हण.

बी_साइड

वरचं सगळं पटलं. रॅपर म्हणून त्याचा उल्लेख निघाला याचा फार आनंद झाला, कारण ती बाजू कायम झाकलेली राहते. स्लम व्हिलेजचा 'फँटॅस्टिक, व्हॉल्यूम २' रेकॉर्ड कंपनीच्या भानगडीत अडकून शेवटी २००० साली आला, त्याआधी पहिला भाग हातोहात कॉपी होत फिरत होता. मग डिला गटातून बाहेर पडला. २००१ मध्ये त्याचा स्वतःचा अल्बम 'वेलकम टू डेट्रॉइट'. जे डी हे जुनं नाव जर्मेन डुप्री या दुसऱ्या प्रोड्यूसरच्या आद्याक्षरांशी गोंधळायचं, म्हणून त्याच सुमारास जे डिला झाला.

पुढचा भाग मला अजून टोचतो. एमसीए कंपनीशी त्याचा करार झाला आणि त्याने ठरवलं की या अल्बमवर मुख्यतः रॅप करायचं, बीट दुसऱ्यांचे घ्यायचे: पीट रॉक, मॅडलिब, हाय-टेक, नॉट्झ. जगातला सगळ्यात मागणी असलेला प्रोड्यूसर दुसऱ्यांच्या बीटवर उभा राहतो, केवढा विश्वास लागतो त्याला! कंपनीने अल्बम काढलाच नाही. २००३ मध्ये कंपनीच दुसरीत विलीन झाली. 'द डायरी' नावाने तो अल्बम निघाला २०१६ मध्ये. डिला जाऊन दहा वर्षं झाली होती.

मधल्या काळात त्याने 'रफ ड्राफ्ट' स्वतःच काढला आणि मॅडलिबबरोबर जेलिब या नावाने 'चॅम्पियन साउंड' केला, दोन्ही २००३. दुसऱ्यात दोघे एकमेकांच्या बीटवर रॅप करतात. सोळा_बार, तू तिथूनच सुरू कर. त्याचा आवाज जाड, निवांत, शब्द साधे. कवी म्हणून तो थोर नव्हता हे मान्य. पण शब्द मात्रेच्या कुठल्या कडेला ठेवायचा ही त्याची समज किकइतकीच पक्की आहे. ती कान देऊन ऐकावी लागते.

सोळा_बार

दोघांचे मनापासून आभार. रनिन तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा खरंच अंगावर काटा आला. एक विचारायचं राहिलं: 'डोनट्स' त्याने आख्खा इस्पितळाच्या खाटेवर बनवला हे खरं का?

ठेका_धरून

तितकं सरळ नाही ते. त्याला टीटीपी हा रक्ताचा दुर्मीळ आजार होता, आणि ल्यूपस. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायमध्ये तो बराच काळ होता. मित्रांनी तिथे छोटा रेकॉर्ड प्लेअर आणि सॅम्पलर पोचवला होता, त्यावर त्याने काम केलं हेही खरं. पण त्यातले बरेच बीट आधीच बनलेले होते. खाटेची गोष्ट सांगताना लोक हे गाळतात, आणि मग ऐकणारा आजारच ऐकत बसतो.

त्याऐवजी त्यातलं 'डोन्ट क्राय' ऐक. आधी तो मूळ गाणं सरळ वाजू देतो, जवळजवळ हात न लावता. मग त्याचे बारीक तुकडे करतो आणि त्याच सुरांची नवी चाल मांडतो. ऐकणाऱ्याला आधी कच्चा माल दाखवतो आणि मग डोळ्यांसमोर काम करतो. दोन मिनिटांच्या आत. मी हे शेकडो वेळा ऐकलं असेल, तुकडे जोडतात ती जागा आली की अजूनही हातातलं काम थांबतं.

अल्बम आला ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी. १० तारखेला तो गेला. शेवटच्या काही महिन्यांत तो व्हीलचेअरवर बसून युरोपात कार्यक्रम करत होता, हातात माइक धरून. रॅपर म्हणून. आईने पुढे त्याची एमपीसी वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृती संग्रहालयाला दिली. तिथे ती काचेमागे आहे.

सोळा_बार

चार दिवसांनी लिहितोय. हॅट पूर्ण सरळ ठेवला, स्विंग फक्त बासला ५८ टक्के, स्नेअर १५ मिलिसेकंद अलीकडे, किक बोटांनी. आधी त्यावर स्वतः एक ते सोळा आकडे म्हटले. दोन ठिकाणी अडकलो, तिथली किक काढून टाकली. मग मित्राला बोलावलं. सोळाच्या सोळा बार गेला, आणि संपल्यावर म्हणाला पुन्हा लाव. इथे टाकू का?

ठेका_धरून

टाक की. मिक्स नको, चारही ट्रॅक वेगवेगळे टाक. ती काढून टाकलेली किक पण पाठव, ती एकाच ठिकाणी परत घालून बघायचीय मला.