मदत हवी आहे: सरळ ग्लाइडमध्ये वाऱ्याचा अंदाज कसा घेता?

मंडळी, ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) उडवणाऱ्यांनी जरा सांगा. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) गोल फिरताना वारा काढणं जमतं, म्हणजे एअरस्पीड (हवेच्या तुलनेतला वेग) एकसारखा ठेवायचा आणि जीपीएसवर ग्राउंड स्पीड (जमिनीच्या तुलनेतला वेग) बघत राहायचं, समजा एका बाजूला ११५ दिसला आणि उलट बाजूला ७५ तर फरकाच्या निम्मा म्हणजे ताशी २० किमी वारा, आणि जिकडे जाताना आकडा सगळ्यात जास्त तिकडेच वारा वाहतोय. (सेंटरिंग करत, म्हणजे थर्मलच्या मध्यावर यायला गोल सरकवला की मात्र सगळी बोंब.)

खरी अडचण सरळ ग्लाइडमध्ये. फिरणं थांबलं की माझं इन्स्ट्रुमेंट मघाचाच वारा दाखवत बसतं आणि तोवर आपण हजारभर मीटर खाली आलेलो असतो, तिथला वारा वेगळाच! एअरस्पीडमधून ग्राउंड स्पीड वजा करून बघतो, पण ३००० मीटरवर खरा एअरस्पीड काट्यावरच्यापेक्षा साधारण १६ टक्के जास्त असतो, आता ते गणित डोक्यात करायचं की पुढचं थर्मल शोधायचं? शिवाय त्यातून फक्त समोरचा वारा कळतो, आडवा किती ते नाकाची दिशा आणि ट्रॅक (जमिनीवरून प्रत्यक्ष जाण्याची दिशा) यातल्या फरकावरून झटपट कसं काढता?

ढगांच्या सावल्या वरचा वारा सांगतात, धूर जमिनीलगतचा, तलावाच्या ज्या काठाशी पाणी गुळगुळीत तिकडून वारा येतोय, हे सगळं माहितीय. पण मधल्या थराचं काय? फायनल ग्लाइडला (उतरायच्या जागेपर्यंतच्या शेवटच्या सरळ टप्प्याला) तुम्ही नक्की कशावर भरवसा ठेवता?