बंडखोरांच्या फौजेत माणसे येतात आणि टिकतात ती कशामुळे?

प्रश्न : मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाच्या यादवीत (१९८०–१९९२) पगार नाही, जिवाची शाश्वती नाही, आणि जमिनीचा लाभ तर कडेला राहिलेल्यांनाही मिळू शकत होता, मग शेतकऱ्यांनी बंडखोरांना साथ का दिली?

प्रतिसाद १ : राज्यशास्त्रज्ञ एलिझाबेथ वूड यांनी तिथल्या उसुलुतान प्रांतात याच प्रश्नाचा माग काढला. ताब्यात घेतलेल्या जमिनींचे नकाशे त्यांनी शेतकऱ्यांकडूनच हाताने काढून घेतले. अन्यायापुढे मान न तुकवता आपण स्वतः काही घडवले, हा अभिमान या शेतकऱ्यांना लाभाच्या हिशेबापेक्षा मोठा वाटला.

प्रतिसाद २ : पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला मात्र हे अभिमानाचे उत्तर लागू करू नये. तिथे २००३ मध्ये हम्फ्रीज आणि वाइनस्टीन या अभ्यासकांनी यादवीत लढलेल्या हजाराहून अधिक जणांना प्रश्न विचारले, तेव्हा 'रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट' या बंडखोर संघटनेतल्या बहुसंख्यांनी आपल्याला पळवून नेल्याचे सांगितले. पळवून आणलेल्याला निष्ठावंत म्हणायचे तरी कसे?

प्रतिसाद ३ : वाइनस्टीन यांचा दुसरा मुद्दाही पाहावा : ज्या संघटनेकडे सुरुवातीपासून पैसा असतो, तिच्याकडे संधिसाधूच गोळा होतात. युगांडात मुसेवेनींच्या बंडखोर फौजेकडे तो नव्हता. म्हणून राजकीय शिक्षण आणि कडक आचारसंहिता यांवर तिला माणसे धरून ठेवावी लागली.