शोधगंगावर (पीएचडी प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर) प्रबंध काही काळ बंद ठेवता येतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी पीएचडी बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांवर आहे. व्हायवा झाली. यूजीसीच्या 2022 च्या नियमाप्रमाणे पदवी जाहीर व्हायच्या आधीच सॉफ्ट कॉपी शोधगंगा चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटला जाते. नावं बदललीत, पण एका मुलाखतीत उचलीचा (आगाऊ घेतलेल्या मजुरीचा) आकडा, तीन लेकी, पिंपळाखालचं घर, सगळंच आलंय. मुकादमाच्या (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या) हाती पडलं तर कोयता (ऊसतोड करणारी नवरा-बायकोची जोडी) कुणाचा हे तो लगेच ओळखेल. (हे आधीच सुचायला हवं होतं, मान्य.)

दोन वर्षं फक्त सारांश दिसेल असं करता येतं का? अर्ज गाईडमार्फत द्यायचा की थेट? ग्रंथालयातले साहेब म्हणाले, "असं आजवर कुणी मागितलंच नाही." कुणी केला असेल तर अर्जाचा मसुदा पाठवा ना.