घरच्या घरी पोरांची बेसबॉल कार्डं कशी बनवायची?

जर्सीची_आई
मंडळी, इकडे न्यू जर्सीत लेकाचा लिटल लीगचा, म्हणजे पोरांच्या बेसबॉलचा, सीझन जूनमध्ये संपतोय, शेवटच्या मॅचनंतर पिझ्झा पार्टी आहे आणि टीममधल्या बाराही पोरांना आपापलं बेसबॉल कार्ड द्यायचं असं मी ग्रुपवर जाहीर करून बसलेय. म्हणजे पाकिटात मिळतं तस्संच, पुढे फोटो मागे आकडे, फक्त आपल्या पोरांचं. फोटोवाल्याच्या पॅकेजचा भाव ऐकला आणि नमस्कार केला. घरी इंकजेट आहे, कॅनव्हा (ते डिझाइनचं अ‍ॅप) बऱ्यापैकी येतं. साइझ काय ठेवू, कागद कुठला घेऊ, आणि दोन्ही बाजूंनी प्रिंट काढलं की मागचं सरकतं त्याचं काय करू? नवरा म्हणतो ऑनलाइन ऑर्डर कर आणि मोकळी हो.

कागदी_वाघ
साइझ अडीच बाय साडेतीन इंच. टॉप्स या कार्डांच्या कंपनीने १९५७ ला हे माप आणलं, त्याआधी त्यांची कार्डं जरा मोठी असायची. आता प्लास्टिकच्या सगळ्या स्लीव्ह, अल्बमची नऊ खणांची पानं याच मापाची मिळतात तेव्हा वेगळं काही करायला जाऊ नका. कॅनव्हात मात्र २.७५ बाय ३.७५ घ्या, कडेचा तो जास्तीचा भाग कापण्यात जातो, आणि नाव, नंबर कडेपासून चांगले आत ठेवा. या मापाची सहा कार्डं एका लेटर साइझ कागदावर आडवी मावतात, म्हणजे बाराही कार्डांची एक बाजू दोन कागदांत.

दोन्ही बाजूंना प्रिंट काढायच्या फंदात पडूच नका. घरचा प्रिंटर दर वेळी कागद सारखाच ओढेल याची खात्री नाही, तुम्ही कितीही सेटिंग बदला. पुढची बाजू फोटो पेपरवर काढा, मागची जाड कार्डस्टॉकवर, खिडकीच्या काचेवर धरून खुणा जुळवा, चिकटवा आणि मग कापा. दोन्ही मिळून साधारण अर्धा मिलिमीटर होतं, खऱ्या कार्डाचीही जाडी तेवढीच. मागच्या बाजूला चौकट देऊ नका, फिकट सपाट रंग ठेवा, केसभर सरकलं तरी कुणाच्या बापाला कळत नाही. डिंक किंवा पांढरा गोंद नको, कागद लाटा मारतो. स्प्रेवाला गोंद किंवा दोन्हीकडून चिकटणारी शीट आणा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. कापायला कात्री नाही, स्टीलची पट्टी आणि कटर, एकदाच जोर लावण्यापेक्षा दोन-तीन हलके हात. हां आणि प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ काढा, नाहीतर सगळी मेहनत दोन-चार टक्के लहान होऊन बाहेर येते.

डावखुरा
वाघोबा, एवढा खटाटोप कशाला? ताई, दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली की पाच बाय साडेतीन होतात, ती चार बाय सहाच्या साध्या फोटो प्रिंटमध्ये आरामात बसतात. मेडिकल स्टोअरच्या फोटो काउंटरवर काढून आणा, मागे कार्डस्टॉक चिकटवा, संपलं. इंकजेटची रंगीत शाई त्या फोटोंपेक्षा महाग पडते.

स्कोअरबुकवाला
पुढच्या बाजूचं सगळे बोलतात, पोरं वाचतात मागची बाजू. बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे हिट्स (मारून बेस गाठला ते) भागिले अ‍ॅट-बॅट्स (बॅटिंगच्या पाळ्या), वॉक (चार वाईट बॉल पडून फुकट बेस) मिळाला तर तो अ‍ॅट-बॅट धरायचा नाही. २१ पैकी ७ हिट्स तर .३३३, पुढे शून्य लिहीत नाहीत. पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) ईआरए, म्हणजे दर मॅचमागे त्याच्या खात्यावर पडलेले रन, काढत असाल तर रन भागिले इनिंग्ज करून मोठ्यांच्या मेजर लीगमध्ये नऊने गुणतात पण लिटल लीगची मॅच सहा इनिंगची, तेव्हा सहाने गुणा, उगाच पोराचा आकडा दीडपट फुगवू नका.

पण पोरं सात-आठ वर्षांची असतील तर माझ्या मते अ‍ॅव्हरेज छापूच नये. एकाचं .६०० आणि दुसऱ्याचं .०९०, पार्टीत दोन मिनिटांत कार्डं शेजारी लावून बघतील. आपण नाही का डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांवर छातीच्या मापावरून भांडायचो! त्यापेक्षा पोझिशन, बॅटिंग कुठल्या हाताने, थ्रो कुठल्या हाताने, आणि सीझनमधली त्या पोराची एक खरी गोष्ट लिहा. ‘पावसातल्या मॅचला सेंटर फील्डमध्ये उडता कॅच’ असलं काहीतरी. बारा ओळी लिहायला वेळ लागतो, कोचला आजच विचारून ठेवा.

जर्सीची_आई
अ‍ॅव्हरेज कॅन्सल! आता फोटोचं सांगा ना, पालकांनी पाठवलेत त्यात हेल्मेटखाली तोंडं काळी आलीत आणि झूम केलं की फाटतायत.

डावखुरा
व्हॉट्सॅपवर आलेत ना, म्हणून. तिथे फोटो दाबून बारीक होतो, त्यातून पोरगं कापून घेतलं की काय उरणार. कार्डाला निदान ८२५ बाय ११२५ पिक्सेल हवेत, ओरिजिनल डॉक्युमेंट म्हणून मागवा. नवीन काढणार असाल तर उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याला फर्स्ट बेसच्या बाजूने टिपा, चेहरा तिकडेच असतो, डावऱ्याला थर्डच्या बाजूने. कॅमेरा असेल तर शटर १/१००० ठेवा, फोनवर बर्स्ट मोड. भर दुपारी काढू नका. आणि सगळंच बोंबललं तर गुडघ्यावर बसवून बॅट खांद्यावर, हेल्मेट नाही, कॅप जरा मागे. जुन्या कार्डांवर असे फोटो भरपूर आहेत, कुणी नावं ठेवणार नाही.

कागदी_वाघ
ऑनलाइन प्रिंट करायचं ठरलंच तर एक बघा, टीमचं नाव कब्स किंवा मेट्स अशा मेजर लीगमधल्या टीमचं असेल आणि त्यांचा लोगो टाकलात तर प्रिंटवाले ऑर्डर अडवू शकतात. घरी करताय तोवर प्रश्न नाही. आडनाव, शाळा काही टाकू नका, पहिलं नाव आणि नंबर बस.

जर्सीची_आई
लोगो लेकानेच काढलाय, वाघ आहे पण मांजर वाटतंय, तोच टाकते. प्रत्येकाला दोन-दोन काढू का? एक स्लीव्हमध्ये आणि एक खेळायला?

स्कोअरबुकवाला
तीन काढा. तिसरं भारतातल्या आजीला.