मदत हवी आहे: इलिनॉयचा १३वा सिनेट मतदारसंघ, जुना नकाशा

मंडळी, आम्ही शिकागोत हाइड पार्कला राहतो. लेकीला शाळेत आपल्या राज्य सिनेट मतदारसंघावर प्रकल्प करायचाय. इथल्या सिनेटरांची नावं पटकन जमली: अ‍ॅलिस पामर, १९९७ पासून बराक ओबामा, २००४ मध्ये ते अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेल्यावर क्वामे राऊल, आणि राऊल २०१९ ला राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल झाले तेव्हा रॉबर्ट पीटर्स. (राऊल आणि पीटर्स दोघंही आधी नेमणुकीने आले, निवडणूक नंतर! लेकीला हे अजून पटलेलं नाही.)

ओबामा १९९६ ला निवडून आले, मग १९९८ ला परत उभे का? तर इथे राज्य सिनेटरची दहा वर्षांत एक मुदत चारऐवजी दोन वर्षांची असते, हे कालच कळलं.

अडलंय ते नकाशापाशी. २००१ च्या फेररचनेत मतदारसंघ तळ्याकाठाने उत्तरेकडे, डाउनटाउनच्या दिशेने ताणला गेला. १९९० च्या दशकातली हद्द नेमक्या कुठल्या रस्त्यांवरून जायची? आजच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून लेक पेन्सिल घेऊन बसलीये. तेव्हापासून साउथ साइडला राहणारं कुणी आहे का? जुना छापील नकाशा कुठल्या वाचनालयात मिळेल? शुक्रवारी द्यायचाय.